म्हशीला घंटेची सवय लावली, त्याची कबुली

गेल्या वर्षी आमच्या घरातल्या दोन जावा महिना-सव्वा महिना एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक माझी बायको, दुसरी माझी थोरली वहिनी. घरं दोन, पण मधे कंबरेइतकी एकच भिंत. त्या भिंतीवरून बावीस वर्षं विरजण, कढीपत्ता, चुगल्या आणि माहेरची गाऱ्हाणी अशी सगळी ने-आण चालायची. ती एका दिवसात थांबली. गावात कारणं बरीच सांगितली गेली. खरं कारण मी होतो, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना मला सुटायला जागा राहणार नाही.

मी निरवांगीचा. डाळिंब आणि थोडा भाजीपाला करतो. वय एकोणपन्नास. तरुणपणी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, ते टोचत राहिलं. मला तसं बरंच काही टोचतं. रस्त्यात एखाद्या म्हाताऱ्याच्या लुनाला मागं टाकलं, तर पुढच्या फाट्यावर थांबून त्याला आधी जाऊ द्यावंसं वाटतं. एका लग्नात मी चुकून दोनदा आईस्क्रीम घेतलं होतं. त्या नवरीच्या बापाकडं मला आजही नीट बघता येत नाही. त्यामुळं घरबसल्या बी.ए. करायचा फॉर्म भरताना विषयांच्या यादीत ‘मानसशास्त्र’ दिसलं, तेव्हा वाटलं, आपल्या दुखण्याचं पुस्तक निघालंय म्हणायचं.

वर्ग दर रविवारी बारामतीत. आम्ही नऊजण होतो आणि त्यात सगळ्यात जुना मी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या पुतणीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्या दिवशी त्यांनी या शास्त्राचा इतिहास सांगितला. म्हणाल्या, शास्त्र वयानं लहान, पण त्याचा प्रश्न फार म्हातारा. हजारो वर्षं लोक आत्म्याबद्दल बोलत राहिले, मग मनाबद्दल बोलू लागले. मग दीडेकशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका प्राध्यापकानं मनासाठी चक्क प्रयोगशाळा काढली. माणसाला बसवायचं, एखादा ठोका ऐकवायचा आणि विचारायचं, आत नेमकं काय जाणवलं? माणसानं स्वतःच्या मनात डोकावून सांगायचं.

मॅडमनी आम्हालाही तेच घरी करायला दिलं. पाच मिनिटं शांत बसा, आत बघा आणि जे जाणवेल ते लिहून आणा. मी अकरा पानं लिहिली. सुरुवात आईस्क्रीमपासून केली.

“काका,” मॅडम पानं उलटत म्हणाल्या, “फक्त त्या पाच मिनिटांत काय जाणवलं ते लिहायचं होतं. आयुष्यभराचं नाही.”

“पाच मिनिटांत हेच जाणवलं, मॅडम.”

मग त्या वर्गाकडं वळून म्हणाल्या, बघा, ही पद्धत पुढं मागं का पडली ते काकांच्या वहीवरून कळेल. प्रत्येकाच्या आत वेगळंच काहीतरी निघतं, आणि ते खरं की खोटं हे बाहेरच्यानं तपासायचं कसं? सगळ्यांनी माझ्या वहीकडं पाहिलं. एका पद्धतीची मी वाट लावली, याचंही मला परत येताना इंदापूर रस्त्याला लागेपर्यंत वाईट वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी व्हिएन्नातल्या एका डॉक्टरचा धडा झाला. तो म्हणायचा, मनाचा मोठा भाग खाली बुडालेला असतो आणि तिथं काय आहे ते आपल्यालाच माहीत नसतं. हे ऐकून माझी झोप गेली. वर दिसतंय तेवढंच मला झेपत नव्हतं. पण त्याच्या पुढच्या रविवारी मॅडम रशियात आल्या. तिथला एक शास्त्रज्ञ कुत्र्याला अन्न देण्याआधी दरवेळी घंटा वाजवायचा. काही दिवसांनी नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. त्यावरून पुढं अमेरिकेत काही जण म्हणाले, मन-बिन सोडा. ते कुणाला दिसतंय? काय घडलं आणि प्राण्यानं काय केलं, एवढंच मोजा.

मला हे फार आवडलं. मनाचा विचारच करायचा नाही! माझ्यासारख्याला याहून मोठी सुट्टी कुठली? त्या आनंदात मी भांड्यांच्या गल्लीत गेलो आणि पितळेची एक घंटा घेतली. आमच्याकडं कुत्रं नव्हतं, म्हैस होती.

म्हैस पिळायची म्हणजे आधी तिनं पान्हा सोडावा लागतो, दूध सडात उतरवावं लागतं. ते तिच्या मर्जीवर. पुढ्यात आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड, ठेवली की ती खाता-खाता पान्हा सोडते. आंबोण ठेवायचं काम माझं, धार काढायचं बायकोचं. मी ठरवलं, रोज पहाटे आंबोण ठेवण्याआधी घंटा वाजवायची. घरात कुणाला सांगायचं नाही, कारण आधी सांगितलं की निकाल बिघडतो असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्या ते माणसांवरच्या प्रयोगांबद्दल म्हणाल्या होत्या, पण तेव्हा मला सोयीचं तेवढंच आठवलं.

पहिल्याच पहाटे बायको बादली घेऊन गोठ्यात आली. मी घंटा हातात घेऊन उभा. समोरच्या भिंतीवर जुनं कॅलेंडर, त्यावर देवाचा फोटो. तिनं माझ्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, बादली खाली ठेवली आणि हात जोडले. मीही जोडले. दुसरं करणार काय?

“आजपास्नं रोज?” तिनं हळूच विचारलं.

“रोज,” मी म्हणालो.

मी खोटं बोललो नव्हतो. रोजच वाजवणार होतो. असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होतो. पण बायकोनं फोनवर तिच्या आईला सांगितलं, “आमचं ह्ये आता देवाला लागल्यात,” आणि बोलता-बोलता तिचा आवाज भरून आला, तेव्हा मी अंगणातून उठून विनाकारण डाळिंबात गेलो.

प्रयोग मात्र जमला. दहा-बारा दिवसांत घंटा वाजली की आंबोण दिसायच्या आधीच म्हशीची सडं टरारून यायची. मी वहीत तारीखवार लिहून ठेवायचो. बायको त्याचं श्रेय देवाला द्यायची आणि घंटेला हळद-कुंकू लावायची.

एका गुरुवारी वहिनी विरजण न्यायला गोठ्यात डोकावली. बायको धार काढायला बसलेली. वहिनी म्हणाली, “आगं बया, कास हाय का घागर!” कुणाच्या चांगल्याचं असं कौतुक केलं की लगेच बोटं मोडायची असतात, म्हणजे नजर लागत नाही. वहिनीच्या हातात विरजणाची वाटी होती. वाटी धरून बोटं मोडणार कशी? ती हसत-हसत भिंतीपलीकडं गेली.

मग आला शनिवार. आमच्या गोठ्यापासून साठ-सत्तर पावलांवर मारुतीचं देऊळ आहे आणि देवळात घंटा आहे. हे मला जन्मापासून माहीत होतं, पण प्रयोग मांडताना आठवलं नाही. इतर वारी सकाळी दोन-चार म्हातारे घंटा वाजवतात. शनिवारी सगळं गाव वाजवतं. देवळात घंटा झाली की म्हैस गव्हाणीकडं बघायची. गव्हाण रिकामी, पण सडं भरलेली. आमची म्हैस हलक्या सडाची. सड भरलं की टपाटपा गळतं. दिवसभर भक्त येत राहिले आणि दिवसभर दूध शेणात गळत राहिलं. संध्याकाळी बायको बसली तेव्हा म्हैस वैतागून गेली होती. बादलीत थोडंसं दूध आलं आणि बायकोच्या मांडीवर लाथ. ती लाथ माझ्या वाट्याची होती.

बायको मांडी चोळत म्हणाली, “आक्काची नजर लागली.”

ती वहिनीला आक्का म्हणते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मग पूजेचं निघालं असतं, फोटोचं निघालं असतं, सासूबाईंना गेलेल्या फोनचं निघालं असतं. मी म्हणालो, “बघू.”

बायकोनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. म्हशीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. आणि गोठ्याच्या दाराला जुनी चप्पल टांगली. गोठ्याचं दार वहिनीच्या अंगणासमोर. सकाळी वहिनी झाडायला बाहेर आली.

“ही चप्पल कुणासाठी गं?”

“ज्येला लागंल त्येला.”

वहिनीनं केरसुणी ठेवली आणि आत गेली. त्या दिवशी बायको विरजण मागायला तिसऱ्या आळीला गेली. गावात कुणी काही बोललं नसतं तरी त्या वाटीवरून सगळ्यांना कळलं असतं.

त्यानंतर आमच्या गोठ्यात तज्ज्ञ यायला लागले. जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, सगळा शरीराचा खेळ आहे, रक्तात एक रस उतरतो तेव्हा दूध उतरतं; घाबरली, चिडली की उतरत नाही. मागच्या आळीतले आबा आले. आबांचं वय ऐंशीच्या पुढं, गावात जनावरातलं त्यांना कळतं असं मानतात. त्यांनी म्हशीच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं.

“हिचं पयलं रेडकू ग्येलं हुतं ना?”

“व्हय आबा. सहा वर्षं झाली.”

“त्ये हिच्या खोल आत बसलंय. वरनं न्हाय दिसायचं. हिलाबी ठावं नसंल.”

मी आबांकडं बघतच राहिलो. आबा आयुष्यात अकलूजच्या पुढं गेलेले नाहीत, मग व्हिएन्नाला कधी पोचले?

बायकोला दोन्ही पटलं नाही. ती म्हणाली, “नजर तर हायच. पर रातंदिस दावणीला बांधून घालायची, पान्यात बसू द्यायची न्हाय, मायेनं कुणी हात फिरवायचा न्हाय. जनावराचं बी काय म्हननं असंल की!” आणि त्याच रविवारी मॅडमनी नेमका तोच धडा घेतला. काही मानसशास्त्रज्ञ म्हणाले, माणूस म्हणजे प्रयोगातलं कुत्रं नव्हे. त्याला माया द्या, मोकळीक द्या, तो आपला आपण वाढतो. त्यांच्यानंतरचे म्हणाले, घंटा आणि लाळ यांच्या मधे डोक्यात काय चालतं तेही बघा. ऐकलेल्याचा प्राणी काय अर्थ लावतो, काय लक्षात ठेवतो. म्हणजे मनाला दारातून बाहेर काढलं होतं, ते मागच्या दारानं परत आलं. मी वहीत एकीकडं धडा लिहीत होतो आणि दुसरीकडं आमच्या गोठ्यातली माणसं. रकाने सारखेच भरत होते.

शेवटी मी हात वर केला. “मॅडम, समजा एखाद्या म्हशीला चुकून घंटेची सवय लागली...”

वर्ग माझ्याकडं वळला.

“समजा, काका?”

“समजा.”

“आणि समजा जवळ देऊळ असेल?”

“आहे,” मी म्हणालो. मग म्हणालो, “समजा आहे.”

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. हसू लपवायला पुसला असावा. मी विचारलं, यातला कुठला दृष्टिकोन बरोबर? त्या म्हणाल्या, “परीक्षेत आलं तर सगळे लिहा. म्हशीचं असेल तर घंटा वाजवा आणि आंबोण देऊ नका. पुन्हा-पुन्हा. घंटेमागं काही येत नाही हे कळलं की सवय विझत जाते.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि घरी सांगा, काका.”

मी पहिलं केलं. दुसरं पुढं ढकललं.

पहाटे जाऊन घंटा वाजवायची, आंबोण द्यायचं नाही, थांबायचं, परत वाजवायची. वीस-वीस वेळा. बायकोला वाटलं, माझी भक्ती वाढली. संकटात नवरा देवाचा धावा करतोय, हे तिनं आबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा आणि त्यांचे दोन सोबती टाळ घेऊन गोठ्यात हजर. आरती झाली. आबांनी गूळ-खोबरं वाटलं आणि पहिली मूठ म्हशीपुढं धरली.

“आबा, तिला नको!”

“आरं, मुकं जनावर हाय. तिला बी परसाद नगं व्हय?”

आता घंटेमागून आंबोणाऐवजी गूळ यायला लागला. गुळापुढं पेंड काय टिकणार? म्हशीची सवय विझायची सोडून पेटली. टाळ ऐकला तरी गळायला लागली.

हे चाललेलं असताना पुतणीचा साखरपुडा ठरला. वहिनीची ही एकुलती मुलगी लहानपणी आमच्याच घरात जेवायची, कारण तिला माझ्या बायकोच्या हातचीच भाकरी लागायची. पाहुणे लोणी भापकरचे, कार्यक्रम रविवारी घरीच. पुतणी स्वतः सांगायला आली.

“काकू, मला पाटावर तूच आणून बसवायचं. दुसऱ्या कुणाच्या हाताला धरून मी येणार नाही.”

बायको पोरीला जवळ घेऊन रडली आणि म्हणाली, “तुज्या आईनं बोलवाय यावं. मंग येती.”

पलीकडून वहिनीचा आवाज आला, “चप्पल उतरू दे आदी!”

बायको चप्पल उतरवणार नव्हती, कारण म्हैस अजून गळत होती. वहिनी येणार नव्हती, कारण चप्पल टांगलेली होती. पोरगी मधल्या भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होती. म्हणाली, “काका, तुम्ही मानसशास्त्र शिकताय ना? मग करा की काहीतरी.” मी पुन्हा डाळिंबात गेलो. पण या वेळी तिथंही थांबवेना.

दुसऱ्या दिवशी शनिवार. साखरपुड्याचा आदला दिवस. पहाटे आबांनी आरती सुरू करायला घंटा उचलली, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

“आबा, थांबा. ही पूजा न्हाय. हा प्रयोग हाय.”

मग मी सगळं सांगितलं. रशिया, कुत्रं, लाळ, भांड्यांची गल्ली. कुणाला काही कळेना, म्हणून मी घंटा एकदा वाजवली. म्हैस गळायला लागली. थांबली तेव्हा परत वाजवली. परत गळायला लागली.

आबांनी वाकून सडांकडं बघितलं. “म्हंजी इतकं दिस आमी म्हशीला आरती म्हनत हुतो?”

“व्हय.”

“आन् तिचं ध्यान गुळावर?”

“व्हय, आबा.”

“मंग बरूबर हाय,” आबा म्हणाले. “आमचं बी तिकडंच हुतं.”

त्यांचे सोबती हसले. मीही हसलो असतो, पण बायको हसत नव्हती.

“फोटोम्होरं हात जोडत हुता, त्ये?”

“तू बघत होतीस म्हणून.”

“आन् मी आक्काच्या तोंडावर चप्पल टांगली, तवा तुमी कुठं हुता?”

“हितंच. दावणीपाशी.”

“काय करत हुता?”

“वहीत लिहून घेत होतो.”

मी ते ‘वही’ बोलायला नको होतं, पण कबुली द्यायला निघालो होतो, आणि अर्धी कबुली मला कधी जमली नाही. तिथून मी तसाच भिंत ओलांडून वहिनीकडं गेलो. ती उद्याच्या पोह्यांतलं कुसळ वेचत बसली होती. मी उभ्या-उभ्या सगळं परत सांगितलं. ती सुपावर वाकून इतकी हसली की पोहे उडाले.

“भावजी, भावजी, म्हंजी मारुतीला नारळ फोडला तरी हिकडं दूध?”

“नारळानं नाही, वहिनी. घंटेनं.”

ती परत हसली. मग हळूहळू थांबली. डोळे पुसले आणि सूप मांडीवर घेऊन बसली.

“म्हशीचं हसू येतंया. पर तिला वाटलंच कसं, की माजी नजर लागंल? बावीस वरसं झाली आमाला.”

मी पुस्तकातल्या सगळ्या दृष्टिकोनांमधून उत्तर शोधून पाहिलं. घंटेचा गुन्हा माझा होता, पण हा प्रश्न घंटेच्या आधीपासून तिथं पडलेला असणार, आणि मी त्यावर नुसता प्रयोग मांडला होता.

तेवढ्यात भिंतीपाशी हालचाल झाली. बायको उभी होती. दारावरची चप्पल काढून तिनं हातात धरली होती.

वहिनी म्हणाली, “आता काय मारतीस मला?”

“तुमाला न्हाय,” बायको म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं. मग चप्पल आमच्या गोठ्यामागच्या उकिरड्यात टाकून दिली. “आक्का, चुकलं माजं.”

वहिनी सूप उचलून आत गेली. दार लावलं नाही, पण हाकही मारली नाही.

रविवारी उजाडायच्या आत बायको स्वतःहून पलीकडं गेली. कुणी बोलावलं नव्हतं. मला म्हशीपाशी बसवून गेली. दहाच्या सुमाराला मी पलीकडं पोचलो, तर दोघी एकाच चुलीपुढं होत्या, पण शब्द नव्हता. एकीनं झारा मागं केला की दुसरी न बघता घ्यायची. पाहुण्यांच्या गाड्या आल्या. पुतणी आतल्या खोलीत साडी नेसून बसली होती, बायको तिच्या वेणीत गजरा माळत होती. वहिनी दारात आली, जरा वेळ बघत राहिली.

“येवढा गजरा? पोरगी हाय का गनपती?”

बायकोनं मान वर केली नाही.

“तुमी तुमचं पोहं बगा, आक्का. करपल्याचा वास हितवर येतोय.”

“माज्या पोह्याला नावं ठिवतीस? बावीस वरसं खाल्लंस त्ये?”

“खाल्लं म्हनून तर सांगती!”

वहिनी पुढं आली आणि गजऱ्याचं एक टोक धरून उसवायला लागली. बायकोनं दुसरं टोक सोडलं नाही. पोरीची मान एकदा इकडं, एकदा तिकडं. “पदर बी आखूड काडलाय, पाहुनं काय म्हनतील!” “मंग इतका येळ कुठं हुता, तवाच सांगायचं!” दोघींचे आवाज चढत गेले, बाहेर पाहुणे बोलायचे थांबले, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

“काका, सोडवा की!” पुतणी ओरडली.

मी पुढं झालो.

“तुमी मधी पडू नगा!” दोघी एकदम म्हणाल्या.

मी मागं झालो, कोपऱ्यातली पाण्याची कळशी उचलली आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेलो.